दोन्ही पायांची पेनल्टी

आमच्या जिल्ह्यात फुटबॉलचा पंच कुणी ठरवून होत नाही. बाकीचे एक पाऊल मागं सरकतात आणि जागेवर राहिलेला माणूस पंच होतो. माझं तसंच झालं. मी मूळची खो-खोची. तुळजापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका म्हणून लागले, तेव्हा फुटबॉल मी फक्त टीव्हीवर बघितला होता, तोही भाऊ लावायचा म्हणून. पहिल्याच वर्षी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत क्रीडा अधिकारी साहेबांनी विचारलं, "मुलींच्या फुटबॉलला पंच कोण?" सगळे पी.टी. सर एकदम वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. माझ्या पायात चपला होत्या.

त्या दिवशी मला सांभाळलं ते तेरच्या सरांनी. ते तेरला राहायचे, शाळा जवळच्याच एका खेड्यात. जिल्ह्यात फुटबॉल खरोखर खेळलेला असा तो जवळजवळ एकटाच माणूस. कॉलेजला सोलापुरात होते तेव्हा खेळले होते. मॅच सुरू व्हायला थोडा वेळ होता. त्यांनी मला मैदानाच्या कडेला नेलं, टाचेनं मातीत चौकोन काढला, चार दगड मांडले आणि माझीच एक चप्पल मागून घेतली.

"हे बघ पोरी, चप्पल म्हंजे पुढं पळणारी पोरगी. हा दगड कीपर. हा दुसरा म्हंजे समोरच्यांची बॅक. बॉल मागून मारला तवा चप्पल ह्या दगडाच्या पुढं हाय का मागं, येवढंच बघायचं. बाकी सगळं आपोआप येतंय."

बाकी आपोआप काही आलं नाही, पण ऑफसाइड मला त्या दिवशी कळला तो आजपर्यंत विसरले नाही. त्यानंतर दरवर्षी आम्ही बरोबर पंचगिरी केली. ते मुख्य पंच, मी लाइनवर. पुढं पुढं मुलींच्या मॅचला मी मुख्य आणि ते लाइनवर. मला ते कायम 'तू' म्हणायचे. माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही फोनवर, "पोरी, पोराचं ठरलं म्हणं?" असंच विचारलं. त्यांची एक शिकवण होती, ती ते प्रत्येक नव्या पंचाला ऐकवायचे : पंचानं चुकलं तर चालतंय, पण डळमळायचं न्हाय. एकदा हात वर गेला की गेला.

नियम मात्र डळमळत राहिले. आधी चार-पाच वर्षांनी एखादा बदल यायचा. सर कुठून तरी विचारून घ्यायचे आणि आम्हाला सांगायचे. मग दरवर्षीच बदल यायला लागले. आता ते मोबाइलवर येतात, इंग्रजीतून, आणि त्यांची पानं बोटानं मोठी करून वाचावी लागतात. सरांना ते जमेना. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यात इंग्रजी. एका वर्षी साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच मराठीत करून सांगत जा सगळ्यांना." मी हो म्हणाले. त्या 'हो'चा शीण अजून उतरलेला नाही.

दर जून-जुलैत माझे रविवार त्यात जातात. समोर मेथी निवडायला घ्यायची, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा, एक वाक्य वाचायचं, चार काड्या निवडायच्या, परत तेच वाक्य वाचायचं. 'जाणूनबुजून' आणि 'चुकून' यांच्यात त्या पुस्तकात तीन-चार पायऱ्या असतात. आपल्याकडं दोनच. आमच्या शिक्षकांना सांगताना तर एकच उरते : "बाई, थोडक्यात सांगा, शिट्टी मारायची का न्हाय?"

गेल्या वर्षीची सहविचार सभा धाराशिवला स्टेडियमच्या हॉलमध्ये होती. सहविचार सभा म्हणजे जिल्ह्यातले सगळे क्रीडाशिक्षक एका जागी बसवून खेळांची वेळापत्रकं आणि नियम सांगायचे. पंखा एकच चालू, त्याच्याखाली जुने लोक. निम्मे कबड्डीवाले, उरलेले अॅथलेटिक्सचे. फुटबॉल त्यांच्या गळ्यात शाळेनं घातलेला. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, कारण प्रत्येकाच्या शाळेतून काहीतरी ऑनलाइन भरायला सांगितलेलं. मी फळ्याजवळ उभी राहून बोलत होते आणि माझ्यासमोर सगळी टाळकीच होती, चेहरा एकही नाही. माझी टाच तेव्हाच दुखायला लागली होती. उभं राहिलं की खालून खिळा लागल्यासारखं व्हायचं.

कीपरनं बॉल हातात आठ सेकंदांच्या वर धरला तर समोरच्यांना कॉर्नर, हे मी सांगितलं. पंचाशी बोलायला फक्त कॅप्टननं यायचं, तेही सांगितलं. त्यावर सगळे हसले. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं कॅप्टन न्हाय, सरपंच येतोय बोलायला."

मग पेनल्टीचा बदल. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो समजवायला अवघड. पेनल्टी मारताना मारणाऱ्याचा पाय घसरला आणि एकाच वेळी किंवा लागोपाठ दोन्ही पाय बॉलला लागले, तर आधी सरळ नियम होता : दोनदा स्पर्श झाला, गोल रद्द, समोरच्यांना फ्री किक. आता सांगितलं होतं की हे चुकून झालं असेल आणि बॉल गोलमध्ये गेला असेल, तर पेनल्टी पुन्हा मारायची. गोल झाला नसेल तर जुनंच.

मी नेमकी इथं आले आणि सरांचा फोन वाजला. ते पहिल्या रांगेत होते. फोन त्यांच्या मुख्याध्यापकांचा. मैदानाची माहिती आत्ताच्या आत्ता भरून पाहिजे होती. सर व्हरांड्यात गेले. खिडकीतून मला दिसत होतं, चष्मा कपाळावर चढवलेला, मोबाइल नाकाला लावल्यासारखा धरलेला, आणि एका बोटानं काहीतरी दाबतायत. आत मी एका कबड्डीच्या सरांना उभं करून भिंतीवर बॉल मारायला लावला. ते खरंच घसरले आणि हॉलमध्ये पहिल्यांदाच सगळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या रांगेतल्या शहरातल्या एका शाळेच्या सरांनी प्रश्नही विचारला, "म्हणजे गोल झाला तरच रिटेक ना?" मी म्हणाले, "हो, तरच."

सर परत आले तेव्हा लोक उठत होते.

"काय राहिलं का गं माझं?"

"पेनल्टीचं थोडं राहिलं सर. बसा, सांगते."

"पेनल्टीत काय नवं आसणार? बॉल ठिवायचा अन् मारायचा. ग्रुपवर टाकलंयस ना? वाचतो मी." त्यांना तेरची बस गाठायची होती. गेले.

मुलींची जिल्ह्याची फायनल भाद्रपदात झाली. आधी दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिलेला, त्या दिवशी उघडीप होती पण मैदान वाळलं नव्हतं. आमची काळी माती. वरून सुकल्यासारखी दिसते आणि पाय ठेवला की बुटाला भाकरीच्या पिठासारखी चिकटते. गोलसमोरची जागा तर तुडवून तुडवून चिखलच झाला होता. एका बाजूला शहरातली शाळा; स्पाइकचे बूट, पाठीवर नावं छापलेली. दुसऱ्या बाजूला वाशी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मुली. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पायांत पीटीचे पांढरे कॅनव्हास, जे आता पांढरे राहिले नव्हते. सर मुख्य पंच. हे त्यांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष, म्हणून साहेबांनी फायनल त्यांनाच दिलेली. मी एका लाइनवर.

मॅच संपत आली तरी गोल कुणाचाच नव्हता. मग शहराच्या एका मुलीनं डी-मध्ये, गोलसमोरच्या चौकोनात, बॉल हातानं अडवला. सरांनी पेनल्टी दिली. ती अगदी बरोबर होती. पेनल्टीच्या वेळी लाइनमननं गोललाइनीवर जाऊन उभं राहायचं असतं, म्हणून मी तिथं गेले, त्यामुळं जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं.

मारायला आली ती त्यांची सगळ्यात बारकी पोरगी. दोन वेण्या, लाल रिबिनी. ती पळत आली, आणि उजवा पाय बॉलला लागतालागताच डावा घसरला. 'थप' असे एकामागून एक दोन आवाज आले. बॉल डाव्या पायाच्या नडगीला लागून उंच उडाला आणि भलत्याच बाजूला झेपावलेल्या कीपरच्या डोक्यावरून आत पडला. पोरगी चिखलात बसली होती आणि तिच्या मैत्रिणी तिच्या अंगावर पडत होत्या.

सरांची शिट्टी वाजली. त्यांनी हात सरळ वर केला. गोल नाही, फ्री किक.

त्या वयात, तसले डोळे झालेले असताना त्यांनी दोन स्पर्श पाहिले होते. मला क्षणभर अभिमान वाटला. शेकडो लोकांत ते फक्त आम्हा दोघांनाच दिसलं असेल. आणि लगेच मला मेथीची जुडी आणि तांब्याला टेकवलेला मोबाइल आठवला.

वाशीकडच्या मुलींचे सर नवे होते, तासिकेवर लागलेले. ते लाइनीजवळ येऊन म्हणाले, "काय झालं सर?" सरांनी दोन बोटं दाखवली. "दोनदा पाय लागला." ते "बरं" म्हणून मागं गेले. मुलींनी ऐकून घेतलं. त्या बारक्या पोरीनं नाक पुसलं आणि उठली. शहरच्या शाळेचे सर खुर्चीवर बसून होते, सभेतले दुसऱ्या रांगेतले तेच. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पाण्याची बाटली उघडली.

कीपरनं फ्री किकसाठी बॉल खाली ठेवला. तिनं तो मारला की संपलं. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय बदलता येत नाही. म्हणजे मी गप्प राहिले असते, तर कुणालाही काही कळलं नसतं. सरांनाही नाही.

मी झेंडा वर केला.

सरांनी तो पाहिला आणि हातानं खुणावलं, खाली घे. त्यांना वाटलं, दोन स्पर्श झाले हेच मी सांगतीय. मी तसाच धरून ठेवला. कीपर पळत यायच्या बेतात होती. सरांनी शिट्टी मारून तिला थांबवलं आणि चिखलातनं चालत माझ्याकडं आले.

"काय गं?"

"सर, ते यंदा बदललंय."

"काय बदललंय?"

"चुकून दोन्ही पाय लागले अन् गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा मारायची. फ्री किक नाही."

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. चष्म्यावर चिखलाचा एक थेंब उडाला होता.

"कवा बदललं?"

"जूनमध्ये. मी सभेत सांगितलं होतं सर. तुम्ही फोनला बाहेर गेला होता."

"खात्री हाय तुझी?"

"आहे."

मी खाली बघितलं नाही. खाली बघितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मला शंका आहे. गॅलरीतून पोरं ओरडायला लागली होती. मग ते वळले, शिट्टी मारली आणि हात लांब करून पेनल्टीच्या ठिपक्याकडं दाखवलं.

जो गोंधळ झाला तो सगळा सांगत नाही. "ठरवा की वो एकदाचं!" असं कुणीतरी ओरडलं. दुसरा कुणी म्हणाला, "बाईनं सांगितलं अन् सरनं ऐकलं!" त्यावर सगळी गॅलरी हसली. शहरच्या शाळेचे सर धावत आले. "सर, तुम्ही निर्णय दिलाय. असं बदलतात का?"

मी त्यांना म्हणाले, "सर, तुम्ही सभेत होता. हाच प्रश्न तुम्हीच मला विचारला होता."

"होतो की. पण निर्णय पंचाचा असतो ना मॅडम? पंचानं दिल्यावर आपण कशाला बोलायचं?"

तेरचे सर त्यांना एवढंच म्हणाले, "बसा जाऊन. चूक माझी हाय." हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं, पहिल्या पायरीवरच्यांना ऐकू जाईल एवढं.

बारकी पोरगी तिच्या सरांकडं बघत होती. "सर, परत मीच?" तिचे सर म्हणाले, "तूच. तुझाच गोल हाय तो." तिनं एका बुटाचा चिखल दुसऱ्या बुटानं खरवडला, बॉल ठेवला, परत उचलून ठेवला. ह्या वेळेला ती घसरायची भीती धरूनच पळत आली. हळू मारला, सरळ मारला, आणि कीपरनं तो पोटाशी घेतला.

मॅच बरोबरीत सुटली. मग टायब्रेकर झाला आणि त्यात शहरची शाळा जिंकली.

म्हणजे सरांचा पहिला निर्णय तसाच राहिला असता तरी बहुधा हेच झालं असतं. मी झेंडा गुंडाळत होते तेव्हा वाशीकडचे ते नवे सर आले. मला वाटलं, आभार मानतील. ते म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण पहिलंच बरं होतं. एकदाच रडली असती पोरगी." त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते आपल्या मुलींना घेऊन टेम्पोकडं गेले. मी गुडघ्यांवर हात ठेवून थोडा वेळ वाकून उभी राहिले. टाच आता नुसती दुखत नव्हती, बधिर झाली होती.

स्टेडियमबाहेरच्या टपरीवर सर चहा घेत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्यासाठीही एक सांगितला. चहा निम्मा झाला. मग ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं मॅडम."

'तुमचं.' आणि 'मॅडम.' इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण आवाजात राग नव्हता. माणूस अनोळखी ऑफिसात जाऊन जसा जपून बोलतो, तसं ते बोलले. मी म्हणाले, "सर, असं काय बोलताय?" त्यांनी पेला ठेवला. "बस लागली आसंल," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं की आता मधे उभं राहायचं नाही, लाइन द्या. मुलांच्या फायनलला मी मुख्य पंच आणि सर लाइनवर. काम त्यांनी चोख केलं. प्रत्येक ऑफसाइडला झेंडा वेळेवर, पळण्यात कसर नाही. मधल्या वेळेत मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "थँक्यू." मला वाटत होतं, एक-दोन आठवड्यांत निवळेल. तसं काही झालं नाही. भांडणच नव्हतं, मग निवळणार काय?

त्यांचा निरोप समारंभ त्यांच्या शाळेत झाला. मी गेले होते. तिथं मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी दगड आणि चपलेची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. तेही हसले. पेनल्टीचं कुणी काढलं नाही.

ह्या हिवाळ्यात मला एका परीक्षेच्या कामाला तेरला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं. बसला अवकाश होता, म्हणून त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. "या या, परवाच तुमचं नाव काढलं ह्यांनी." सर मागच्या अंगणात तूर वाळत घालत होते. बारीक झालेले दिसले, पण चेहरा मोकळा होता. काकू चहा ठेवायला आत गेल्या. सरांनी बाज पुढं ओढली.

"यंदा काय बदललं मॅडम?"

मी सांगायला लागले. पहिला बदल सांगितला, दुसरा निम्मा झाला असेल, तेवढ्यात ते हात वर करून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लई झालं." आणि हसले. मीही थांबले. खरं सांगायचं तर मलाही तिथं ते सांगवत नव्हतं.

थोड्या वेळानं तुरीत बोटं फिरवत ते आपणहून बोलले.

"त्या दिवशी तुम्ही झेंडा वर केला नसता, तर मला आजबी कळलं नसतं. मी बिनघोर रिटायर झालो आसतो. ते बरं झालं आसतं का वाईट, मला आजून ठरवता येईना."

"मलाही सर," मी म्हणाले.

"पण तुम्ही परत केला आसता."

"हो. केला असता."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, कळलं नाही. काकू चहा घेऊन आल्या आणि बोलणं नातवाच्या शाळेवर गेलं.

सर मला सोडायला स्टँडपर्यंत आले. मी नको म्हणाले तरी आले. बस भरून आली होती. त्यांनी कंडक्टरला ओळखीनं हाक मारून मला पुढं जागा करून द्यायला सांगितली. मी खिडकीतून हात केला, तोपर्यंत ते वळून चालायला लागले होते.

मांडीवर पिशवी, पिशवीत मोबाइल. पुढच्या सभेची तारीख साहेबांनी ग्रुपवर टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, नवे नियम मॅडम सांगतील. कुणीतरी अंगठा टाकला होता. मी बूट काढून टाच दुसऱ्या पावलावर ठेवली, जरा बरं वाटलं. बाहेर ज्वारीची रानं जात होती. डोळा कधी लागला कळलं नाही, धाराशिवला सगळे उतरून गेल्यावर कंडक्टरनंच उठवलं, "मावशी, आलं की वो गाव."